कांचनचं मनगट आणि माझा डावा पाय

तमाम ग्रामस्थ, खेळाडू, खेळाडूंचे आईबाप आणि ज्यांची कंबर, मान किंवा मनगट यंदाच्या हिवाळ्यात धरणार आहे अशा सर्व भावी रुग्णांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, प्रस्तुत लेखकाचा डावा पाय कालपासून सेवानिवृत्त झालेला आहे. चालण्याफिरण्याचं किरकोळ काम तो करत राहील. पण भल्या पहाटे आमच्या अंगणात येऊन त्याच्यापुढे पालथं पडण्याची तसदी यापुढे कोणी घेऊ नये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा. मी पायाळू आहे. माणसं साधारणपणे जगात डोकं पुढे करून येतात, मी पाय पुढे करून आलो. दाईला आधी दिसला तो माझा डावा पाय, आणि ती आईला म्हणाली म्हणे, की बाई, हा तर आल्या आल्या लाथ मारून राह्यला. अशा उलट्या माणसाचा पाय लागला की कमरेची उसण, मानेची लचक, मुरगळलेला सांधा बरा होतो, ही आमच्याकडची जुनी समजूत. पायाळूवर वीज पडते, ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे मला गावात मान मिळाला. दुसरीमुळे आभाळ गडगडलं की आई मला धान्याच्या कोठीत बसवून ठेवायची. वीज अजून पडलेली नाही. म्हणजे कालपर्यंत पडलेली नव्हती.

मी विज्ञानाचा पदवीधर आहे, हेही इथेच नोंदवून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

दिवाळी आटोपली की आमच्या गावाला कबड्डी चढते. बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्यांवर पहिल्या वेच्याचा कापूस गच्च भरलेला असतो आणि रस्त्याकडेच्या बाभळींना त्याचे पुंजके लटकलेले असतात. तुरी फुलावर येतात. सकाळच्या गारव्यात कुठेतरी पऱ्हाटीच्या जुन्या काड्या जळतात आणि तो धूर जमिनीलगत हलत नाही, झोपल्यासारखा पडून राहतो. याच दिवसांत शाळेमागच्या मैदानावर वखर फिरतो. पोट्टे गोल करून बसतात आणि मातीतले खडे वेचतात. मग टँकरचं पाणी, त्यावर भुसा, त्यावर पुन्हा माती, आणि शेवटी फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेषा. ओल्या मातीचा आणि फक्कीचा तो एकत्र वास नाकात गेला की मला, पन्नाशी ओलांडलेल्या कारकुनाला, अंगावर काटा येतो. पूर्वी तो आनंदानं यायचा.

कारण मैदान आखून झालं की भोंगे बांधले जायचे, आणि भोंगे बांधले की माइक माझ्याकडे यायचा. आमच्या सामन्यांचं धावतं वर्णन गेली पंचवीस वर्षं मी करतो आहे. दारव्ह्याच्या कचेरीत फायलींवर मान खाली घालून बसणारा मी माइक हातात आला की कोणी वेगळाच होतो. किडकिडीत पोराला मी तोफ म्हणतो, ढेरपोट्याला बुलडोझर म्हणतो. एखाद्याची चड्डी फाटली तर तीही खबर शेजारच्या दोन गावांपर्यंत पोचवतो. लोक खेळ बघायला येतात की मला ऐकायला, हा वादाचा मुद्दा आहे, आणि तो वाद मीच सुरू केलेला आहे.

म्हणजे एका गावात एकाच माणसाकडे माइकही होता आणि पायही. इतकी सत्ता बरी नव्हे.

पाय लावण्याची रीत साधी आहे. तीन सकाळी, चहाच्या आधी, रुग्णानं अंगणात गोणपाटावर पालथं पडायचं. पायाळूनं डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागेवरून तीनदा वरून खाली फिरवायचा. रुग्णानं मागे वळून न पाहता घरी जायचं. मी यात दोन गोष्टी माझ्या पदरच्या घातल्या होत्या. अंगठा फिरवताना मी डोळे मिटून पुटपुटायचो (पुटपुटायचो ते दारव्हा-यवतमाळ बसचं वेळापत्रक), आणि शेवटी पाय झटकून ‘गेलं’ असं म्हणायचो. बायाबापे खूश व्हायचे. उसण तशीही चार दिवसांत उतरते. श्रेय अंगठ्याला मिळायचं. कोणाचं काय बिघडत होतं?

मनोहरची कांचन माझ्या अंगणात आली त्याला आता चार हिवाळे झाले.

मनोहर आमच्या आळीतलाच, कापूस-तुरीचं बरं शेत असलेला, थोडक्या बोलण्याचा माणूस. त्याची ही मुलगी बारावीत होती, आणि आमच्या शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू म्हणजे दबा धरून बसलेला माणूस. समोरची चढाईला येते, पाय टाकते, आणि कोपरा झडप घालून तिचा घोटा धरतो. कांचननं घोटा धरला की तो दारात अडकलेल्या बोटासारखा अडकायचा. मी तिला माइकवरून ‘बिब्बा’ म्हणायचो, चिकटला की सुटत नाही म्हणून. तिला ते आवडायचं नाही, पण हसायची.

तिला पोलिसात जायचं होतं. याबाबत तिच्या डोक्यात सगळं आखलेलं होतं, मैदानावरच्या रेषांसारखं. त्यांचा शाळेचा संघ जिल्ह्यात जिंकला होता. नऊ दिवसांनी अमरावतीला विभागाचे सामने होते. तिथे जिंकलं की राज्यावर. राज्यावर नंबर आला की सर्टिफिकेट, आणि ते सर्टिफिकेट असलं की भरतीत खेळाडूंच्या जागांमधून अर्ज. धावण्यात ती हरणासारखी होती, गोळाफेकीचा सराव ती घरामागे करायची. तिची आई म्हणायची, पोट्टीनं आंगणात खड्डे करून ठेवले, सडा टाकावा तर पाय मुरगळते.

आणि गावच्या सामन्यात तिनं एक घोटा धरला, समोरचीनं जोरात हिसका दिला, कांचन पुढे फेकली गेली आणि पडताना तिनं उजवा हात टेकवला. पंजा उघडा, कोपर ताठ. माणूस पडताना हात टेकवतोच, त्याला शिकवावं लागत नाही. मी माइकवर होतो. मी म्हणालो, ‘बिब्बा सुटला, पण डाग ठेवून गेला!’ लोक हसले. तीही उठली, हात झटकला आणि पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बापलेक दारात. तिनं हात ओढणीत गुंडाळला होता. मनगटाला सूज होती, पण फार नाही. ती बोटं हलवत होती. आणि आमच्याकडे हाडाची परीक्षा हीच: बोटं हलतात ना, मग मोडलेलं नाही, लचक आहे. मनोहरनं तेच म्हटलं. शेजारच्या दोघी-तिघी पाणी भरता भरता थांबल्या, त्यांनीही तेच म्हटलं. मी विज्ञानाचा पदवीधर, मीही मान डोलावली.

मनगटासाठी पालथं कशाला पडायचं? मी तिला ओट्याच्या पायरीवर हात ठेवायला सांगितला. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा पडतो. जुनी माणसं त्यात तपकीर घेऊन ओढायची. माझ्या पायाचा अंगठा बरोबर तिथे बसला, जणू त्याच्यासाठीच ती जागा होती. मी डोळे मिटले. दारव्हा, बोरी, लाडखेड, यवतमाळ. आणि दाबलं.

डोळे मिटलेले असतात असं मी सांगतो. ते पूर्ण मिटलेले नसतात. बारीक उघडे ठेवून मी प्रेक्षकांकडे बघत असतो. त्यामुळे मला दिसलं. तिचा उजवा खांदा झटक्यानं कानाला जाऊन टेकला, ओठ पांढरे झाले, आणि पायरीवरची तिची बाकीची चार बोटं दगडाला आवळली गेली. उसण भरलेला माणूस कण्हतो. हे कण्हणं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं होतं असं म्हणणार नाही, पण हे वेगळं आहे इतकं कळलं होतं. तेवढं पुरेसं होतं. बस सातची होती, दारव्ह्याला एक्स-रे निघतो, मी रोज त्याच बसनं त्याच रस्त्यानं जात होतो.

मी काय केलं? मी म्हणालो, दुखणं निघून जाता जाता दाराला धडकून राह्यलं. बाया हसल्या. मनोहर हसला. मी विचारलं, ‘दुखते काय व?’

ती म्हणाली, ‘नाई काका.’

नऊ दिवस राहिले होते. हात प्लॅस्टरमध्ये गेला की अमरावती गेली, आणि अमरावतीमागून बाकीचं सगळं. मी जे ऐकू इच्छीत होतो ते तिनं सांगितलं, आणि ती जे ऐकू इच्छीत होती ते मी पाय झटकून सांगितलं.

तीन सकाळी झाल्या. आंबेहळदीचा लेप झाला, पट्टी झाली. रविवारी गावच्या अंतिम सामन्यात ती मैदानावर उतरली तेव्हा मी भोंग्यावरून जाहीर केलं की मंडळी, हे मनगट आपल्या पायाळूनं दुरुस्त करून पाठवलेलं आहे, गॅरंटीसह. केवढ्या टाळ्या पडल्या! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. इतका गोड आवाज इतका कडू होऊ शकतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

त्या अमरावतीला जिंकल्या. राज्यावर तिसऱ्या आल्या. गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, गुलाल, डीजे, मी ट्रॅक्टरच्या बोनेटवर माइक घेऊन. सगळ्या मुली हात वर करून नाचत होत्या. कांचनचा उजवा हात वर जायचा आणि हळूच खाली यायचा. ढाल तिनं डाव्या हातात धरली होती. फोटोंत ते स्वच्छ दिसतं. तेव्हा कोणी पाहिलं नाही.

उन्हाळ्यात तिला कपडे पिळता येईनात. पोळी लाटताना ती मध्येच लाटणं ठेवून उभी राहायची. जोर मारताना पंजा टेकवेना, म्हणून मुठींवर मारायची, आणि आम्हाला वाटायचं की पोट्टी आता आणखी अवघड व्यायाम करून राह्यली. मग भरतीचा गोळा उचलला. लोखंडी गोळा मानेजवळ धरला की त्याच्या वजनानं मनगट मागे वाकतं, पडताना वाकतं तसंच. तो तिच्या हातातून निसटून पायाजवळ पडला. आईच्या अंगणात आणखी एक खड्डा.

यवतमाळच्या डॉक्टरांकडे मनोहरनं मलाही सोबत नेलं. कचेरीतला माणूस, कागद कळतात, आणि शिवाय, तो म्हणाला, तुमचा हात नाही तर पाय तरी लागलेला हाये तिले. डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी तिचा हात टेबलावर ठेवला, अंगठा ताणायला सांगितला आणि आपल्या अंगठ्यानं तोच खळगा दाबला. तिचा खांदा कानाला गेला. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघायला लागलो.

एक्स-रे लावून त्यांनी आम्हाला दाखवलं. मनगटात आठ बारकी हाडं असतात, त्यांतलं हे एक, काजूएवढं आणि काजूसारखंच वाकडं. उघड्या पंजावर पडणाऱ्या तरुण खेळाडूंचं हेच मोडतं. मोडतं, पण सूज फार येत नाही, बोटं हलतात, म्हणून घरोघरी त्याला लचक म्हणतात. याला रक्त एकाच टोकाकडून मिळतं. मधोमध मोडलं की दुसरं टोक उपाशी राहतं. लगेच प्लॅस्टर झालं तर बहुतेक वेळा जुळतं. कधी पहिल्या फोटोत दिसतही नाही, पण त्या खळग्यात दाबून दुखलं तर आम्ही संशयावरसुद्धा प्लॅस्टर घालतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढतो. इथे खूप उशीर झाला आहे. ते उपाशी टोक मरत चाललं आहे.

मग त्यांनी सहज विचारलं, पडली त्या दिवसांत इथे कोणी दाबून बघितलं होतं का? तेव्हा दुखलं होतं का?

कांचननं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली, माझ्या चपलांकडेही पाहिलं नाही. ती म्हणाली, ‘नाही सर. कोणीच दाबलं नव्हतं.’

सतरा वर्षांच्या मुलीनं मला पाठीशी घातलं. आणि मी पाठीशी गेलो, चूपचाप, सबंध.

ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसला, पट्ट्या-व्यायाम सगळं झालं. मनगट आता अर्ध्यावर येऊन थांबतं, चौकटीत फुगलेल्या दारासारखं. ती भरतीला गेली. धावण्यात पैकीच्या पैकी. गोळा तिनं डाव्या हातानं फेकला, सात-आठ महिने डाव्याचाच सराव करून. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. गोळा वर गेला, आणि त्याला जायचं होतं त्याच्या पुष्कळ अलीकडे त्याचा विचार बदलला. टेप धरलेल्या शिपायानं अंतर सांगितलं, कोरडेपणानं, माझ्यासारखं रंगवून नाही. यादीत तिचं नाव आलं नाही. सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरात होतं आणि ज्या हातानं ते मिळवलं तो फोल्डर धरण्यापुरता उरला होता.

मला वाटलं होतं, आता गाव मला शिव्या देईल. मी वाट पाहत होतो. पानठेल्यावर मुद्दाम जाऊन उभा राहायचो. कोणी काही बोललं नाही. उलट मनोहर एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘नशीब, भाऊ. तुमचा पाय लागला म्हून थे राज्यावर तरी खेळली.’ यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर माझी झोप परत आली असती. लोकांची श्रद्धा हा फार मोठा वकील आहे. तो आरोपीला न विचारताच सोडवून आणतो.

आणि दर दिवाळीला कांचन घरी येते, वाकते, माझ्या पायांना हात लावते. डाव्यालाही. मनगट वळत नाही म्हणून तळहात नाही लागत, बोटांची मागची बाजू लागते.

फक्त एका माणसानं मला धरलं, ती माझी बायको. तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी आपला मोठ्या आवाजात तत्त्वज्ञान सांगत होतो, की माणसाच्या हातात काय असतं, आपण निमित्तमात्र, वगैरे. तिनं मान वर न करता विचारलं, ‘मंग आपल्या पोट्ट्याच्या पायाले काहून नाई लावला तुमी पाय?’

ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, कारण मला ती सांगायची नव्हती. कांचन पडली त्याच्या आदल्या वर्षी क्रिकेट खेळताना आमच्या मुलाचा घोटा मुरगळला होता. मी त्याला गोणपाटावर निजवलं नाही. मी पुटपुटलो नाही. गाडीवर बसवून थेट दारव्ह्याला नेलं आणि अर्ध्या तासात फोटो काढून घेतला. लचकच निघाली. वाटेत एकदाही मला आठवलं नाही की मी पायाळू आहे.

बायकोनं पुढची शेंग सोलायला घेतली. टप, टप, ताटात दाणे.

यंदा पुन्हा ते दिवस आले आहेत. बाभळींना कापूस लागला आहे, मैदानावर पाणी मारून झालं आहे. कांचन आता दुपारी गावातल्या मेडिकलवर बसते आणि सकाळी दहा-बारा मुलींना कबड्डी शिकवते. कोणी सांगितलेलं नाही, ती शिकवते. पहिले पंधरा दिवस ती त्यांना फक्त पडायला शिकवते. मूठ बंद, कोपर सैल, खांद्यावर या, लोळा, उठा. मुली कंटाळतात, म्हणतात ताई, खेळू द्या ना. ती म्हणते, पड अजून एकदा.

काल सकाळी मी भोंगे तपासायला मैदानावर गेलो होतो. हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. माइक चालू होता. आणि सरावात सातवीतली एक पोरगी शिकवलेलं सगळं विसरून पडली. उघडा पंजा, ताठ कोपर. तिची आई वेचणीला निघालेली, कमरेला कापूस टाकायच्या झोळीचा ओटा बांधलेला, ती रस्त्यावरून धावत आली. तिनं पोरीला उचललं आणि कुठे न्यावं? सरळ माझ्यासमोर. स्टेजच्या पायरीवर तिनं पोरीचा हात मांडला आणि मला म्हणाली, लावा भाऊ. लोक जमले. गोल झाला. बोटं हलतात, कोणीतरी म्हणालं, लचक हाये. सगळे माझ्याकडे बघायला लागले, खूश होऊन, आता काहीतरी गमतीचं होणार म्हणून.

आणि आता हेही लिहून ठेवतो. सगळं ठाऊक असून, ते काजूएवढं हाड ठाऊक असून, तो गोळा कुठे पडला ते डोळ्यांनी पाहिलेलं असून, त्या गोल झालेल्या माणसांकडे पाहताच माझा डावा पाय आपोआप चपलेतून बाहेर आला. मी काही ठरवलं नव्हतं. प्रेक्षक होते, एवढंच.

कांचन गर्दीतून वाट काढत आली. पायरीपाशी गुडघ्यावर बसली, पोरीचा अंगठा हलकेच ताणला आणि आपल्या डाव्या अंगठ्यानं तो खळगा दाबला. पोरीचा खांदा कानाला गेला. कांचननं ते पाहिलं, आणि तिनं ते पाहिलेलं मी पाहिलं. तिनं ओढणी सोडली, तिथल्या खोक्याची एक चपटी फळी घेतली, पोरीचा हात तिच्यावर बांधायला लागली. गर्दीतल्या मनोहरला गाडी काढायला सांगितलं, दारव्ह्याला जायचं म्हणाली. पोरीची आई अजून माझ्याच पायाकडे बघत होती. पाय अजून हवेत होता.

तेव्हा कांचननं मान वर केली. चार वर्षं जी मुलगी कधी आवाज चढवून बोलली नाही, ती आताही आवाज चढवून बोलली नाही. पण चालू माइक माझ्या हातात होता, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि भोंगे चारही दिशांना तोंड करून बांधलेले होते. त्यामुळे शेतात वेचणीला वाकलेल्या बायांनी, पानठेल्यावरच्या माणसांनी, घरी शेंगा सोलणाऱ्या माझ्या बायकोनं, सगळ्यांनी ते ऐकलं:

‘काका, पाय मांगं घ्या. माह्या हातावर ठेवला थेवढा पुरे झाला.’